काकांच्या हातची धार

ओला टिश्यू कात्रीत दुमडला. कापला गेलाच नाही.

मी दुसरा टिश्यू नळाखाली धरला. पिळला नाही. दोन बोटांत लोंबता ठेवला आणि पात्यांच्या टोकांत हळूच घेतला. परत तेच. टिश्यू दोन पात्यांच्या मधे आडवा झाला, चघळल्यासारखा झाला आणि तिथेच अडकून बसला.

ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगतो. केस कापायच्या कात्रीची परीक्षा अशीच घेतात. कोरडा कागद कुठलीही कात्री कापते. ओला टिश्यू कापायला खरी धार लागते. धार असली की चीर सरळ जाते, नसली की टिश्यू दुमडतो. आणि जी कात्री टिश्यू दुमडते ती केस कापत नाही, चावते. चावलेला केस त्या दिवशी छान दिसतो. बाई आरशात बघून खूश होऊन घरी जाते. मग थोड्याच दिवसांत त्याच टोकाला फाटे फुटतात, फाटा वर वर चढत जातो, आणि चांगल्या केसांची केरसुणी होते.

हे सगळं मला काकूंनी शिकवलंय.

आणि कात्री काकूंची होती.

त्या बाहेर फोनवर बोलत होत्या. काचेच्या दारातून पाठ दिसत होती. एक हात कमरेवर, मान तिरकी, म्हणजे पलीकडे त्यांची लेक असणार आणि अजून थोडा वेळ होता माझ्याकडे. मी पात्यांत अडकलेला टिश्यू नखाने काढला, कात्री पुसली, मखमली पाकिटात जशी होती तशी ठेवली. काकूंच्या कात्रीला कोणी हात लावत नाही. या सलूनमधला हा पहिला नियम. शाम्पूची पुडी फाडायला म्हणून सुद्धा नाही. एकदा नवीन आलेल्या पोरीने त्या कात्रीने चिकटपट्टी कापली होती, तर काकू दिवसभर तिच्याशी बोलल्या नव्हत्या. संध्याकाळी फक्त एवढंच म्हणाल्या, "तुझ्या टूथब्रशने मी बूट घासले तर चालेल का गं?"

काकू माझ्या सख्ख्या काकू नाहीत. सगळं सलून त्यांना काकू म्हणतं. मालकीण आहे ना, ताई, ती पण काकूच म्हणते. काकू हेअरस्टाइल वगैरे काही करत नाहीत. त्यांचं काम एकच, टोकं. ज्यांना केस लांब ठेवायचेत आणि चांगले पण ठेवायचेत, अशा बायका त्यांच्याकडे येतात. काकू एक बारीक बट घेतात आणि दोरीसारखी पिळतात. पीळ दिला की फाटे फुटलेली टोकं बाहेर काट्यासारखी उभी राहतात. तेवढीच कापायची. पिळाला धक्का नाही, लांबीला धक्का नाही. पुढची बट. मग तिसरी. अख्खं डोकं. माझ्यासारख्याला मधेच जांभई येते. त्यांना आलेली मी बघितली नाही.

आणि बट झाली की तिचं टोक त्या आपल्या खालच्या ओठावरून फिरवतात. पहिल्यांदा आलेली बाई दचकतेच. "ही केस खाते की काय!" असं एक जण मोठ्याने म्हणाली होती. काकू म्हणाल्या, "बोटं निबर होतात बाई. ओठ होत नाही."

मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर काम करतो. आलो तेव्हा मला मशीन फिरवण्यापलीकडे काही येत नव्हतं. त्यांनी शिकवलं. मी काम करताना क्लिपा दातांत धरतो, म्हणून मला चिमट्या म्हणतात. आधी फक्त त्या म्हणायच्या, आता गिऱ्हाइकं पण म्हणतात.

तर गेले काही महिने बायका परत येत होत्या. आधी एक आली, मग अजून दोघी. सगळ्यांचं म्हणणं एकच. काकूंकडून टोकं घेतली की थोड्या दिवसांत केस आधीपेक्षा राठ होतात. गुंता होतो, कंगवा अडकतो, केस पिंजारलेले राहतात. काकू त्यांची उलटतपासणी घ्यायच्या. टॉवेलने खसाखसा पुसता ना? ड्रायर जवळ धरता ना? ओल्या केसांत कंगवा घालता ना, तो पण वरून? दर वेळी काहीतरी सापडायचं. बाई गुन्हेगारासारखी मान खाली घालून घरी जायची.

काल त्यातल्याच एका बाईंचे केस धुवायला माझ्याकडे आले. मी खिडकीपाशी नेऊन त्यांची टोकं बघितली. कात्रीने कापलेलं टोक सपाट असतं. ही टोकं चेचलेली होती. उंदराने कुरतडलेल्या सुतळीसारखी.

रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून सकाळी टिश्यू.

पण परीक्षा घेण्याआधीच मला उत्तर माहीत होतं. कात्रीला शेवटची धार काकांनी लावली होती. काका म्हणजे काकूंचे मिस्टर. धार लावायचंच काम करायचे, बस स्टँडच्या मागे त्यांचं छोटं दुकान होतं. सुऱ्या, कात्र्या, शिंप्यांच्या मोठ्या कात्र्या, सगळं यायचं त्यांच्याकडे. पण काकूंची कात्री ते सगळ्यात शेवटी घ्यायचे, दगड धुऊन, नवीन पाणी घेऊन. दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी ती लावून ठेवली. दवाखान्यातून ते परत आले नाहीत.

त्यानंतर एकदा मी सहज म्हणालो होतो, "काकू, बाजारात जातोय. कात्री नेऊ का टक्कलवाल्याकडे?"

टक्कलवाला म्हणजे बाजारातला दुसरा धारवाला. काकांचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा.

"तो धार लावतो होय? तो पाती खरवडतो," त्या म्हणाल्या. मग पाकीट छातीशी धरून, हळू आवाजात, "आणि आहे की अजून. ह्यांच्या हातची आहे. घासली की गेली."

मी परत कधी विषय काढला नाही. कसा काढणार?

फोन संपवून काकू आत आल्या तेव्हा ताई त्यांची वाटच बघत होती.

"काकू, बसा जरा."

"उभीच बरी आहे. बोल."

"आज लायब्ररीवाल्या मॅडम येतायत. आत्ता फोन होता. आवाज चांगला नव्हता त्यांचा."

"त्यांचा आवाज कधी चांगला असतो? दिवसभर लोकांना गप्प करत बसतात."

ताई हसली नाही. एरवी हसली असती. ताई काही दुष्ट नाही, हे सांगून ठेवतो. तिच्या आईबरोबर काकूंनी हे सलून उभं केलंय, ती लहानपणी काकूंच्या मांडीवर बसून वेण्या घालायला शिकली. म्हणूनच तिला बोलणं जड जात होतं.

"काकू, आज पण काही झालं ना, तर मी तुम्हाला खुर्चीवर ठेवू शकणार नाही. तुम्ही फोन घ्या, टॉवेल बघा, मुलींवर लक्ष ठेवा. पण डोकी नाही."

काकूंनी खुर्चीच्या पाठीवरून हात फिरवला, धूळ पुसल्यासारखा. धूळ नव्हती.

"त्यांच्या केसांना माझ्याशिवाय कोणी हात लावलेला नाही," त्या म्हणाल्या. "मी बघते काय करून ठेवलंय त्यांनी."

 मॅडमनी काही करून ठेवलेलं नव्हतं.

आता माझ्यापुढे दोन रस्ते होते. सांगायचं, की काकू, काकांची धार गेली. मी तपासून बघितली, तुमच्या परवानगीशिवाय. किंवा गप्प बसायचं, म्हणजे काकू त्याच कात्रीने मॅडमची उरलेली टोकं पण चावून ठेवणार, आणि मग खुर्ची गेलीच.

मी तिसरंच केलं. घाबरट माणूस तिसरंच करतो.

माझी कात्री काकूंच्याच कंपनीची आहे. तेवढ्याच लांबीची. त्यांनीच घ्यायला लावली होती. काकू हात धुवायला गेल्या तेव्हा मी पाकिटातली कात्री काढली, माझी आत सरकवली, त्यांची माझ्या ड्रॉवरमधे टॉवेलखाली ठेवली. म्हटलं, आजचा दिवस निभावून जाईल. मग बघू.

मॅडम आल्या. डोक्याला घट्ट रुमाल बांधलेला. खुर्चीत बसल्या आणि रुमाल सोडला.

मी तोंडातली क्लिप काढून खिशात टाकली.

या बाईंचे केस कमरेखाली जायचे. रस्त्याने गेल्या की लोक मागे वळून बघायचे. चेहरा साधा, कपडे साधे, बोलणं तुटक. केस मात्र असे की खिडकीतला उजेड त्यांच्यावरून घसरायचा. आता त्याच केसांचा खालचा अर्धा भाग फुगून उभा होता. रंग मातकट. टोकांकडे विरळ, पलीकडची खुर्ची दिसत होती त्यातून.

"बघा," मॅडम म्हणाल्या.

काकू बघत होत्या. एक बट उचलून म्हणाल्या, "टॉवेल कुठला वापरता?"

"टॉवेल नाही. जुना सुती टी-शर्ट. तुम्हीच सांगितलं होतं."

"चोळता का पण?"

"दाबते. फक्त दाबते."

"ड्रायर?"

"घरात नाही."

"पाणी गरम घेता?"

"कोमट. शेवटचा तांब्या गार."

"उशी?"

"उशीला सॅटिनचा अभ्रा. माझे मिस्टर हसतात मला, म्हणतात तुझं डोकं राजवाड्यात झोपतं आणि मी धर्मशाळेत." हे बोलतानाही त्या हसल्या नाहीत. "कंगवा मोठ्या दातांचा. खालून वर. शाम्पू फक्त मुळांना, कंडिशनर फक्त टोकांना. झोपताना सैल वेणी. अजून काय विचारायचंय? विचारा. मी सगळं केलंय. तुम्ही जे जे म्हणालात ते सगळं. मग चुकतंय कोण?"

काकूंनी ट्रॉलीवरचा कंगवा उचलला आणि परत ठेवला.  उत्तर माझ्याकडे होतं, आणि मी शेजारी उभा राहून रिकामी खुर्ची पुसत होतो.

ताई पुढे झाली. "मॅडम, आपण स्मूदनिंग करून घेऊ या का? एका बैठकीत सरळ होतील. चमक पण परत येईल."

"नाही," काकू म्हणाल्या.

"काकू, मी मॅडमना विचारतेय."

"आणि मी सांगतेय. फाटलेल्या केसावर मुलामा दिला की वरून गुळगुळीत दिसतो. आत फाटा चढतच राहतो. मग तुटतो, मधूनच." त्या मॅडमच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. "मला एकदा टोकं घेऊ द्या. आज नीट घेते. मग बोला."

मॅडमनी आरशातून त्यांच्याकडे बघितलं. "ही शेवटची वेळ," त्या म्हणाल्या.

ताईने हाताची घडी घातली आणि तिथेच उभी राहिली. वॉश बेसिनपाशी पाणी चालू होतं, ते पण कोणीतरी बंद केलं.

काकूंनी बट घेतली. पिळली. काटे बाहेर आले. पिळाच्या अंगावर सगळीकडे, गवताला कुसळं असावीत तसे. मोकळा हात ट्रॉलीवर गेला, पाकिटातून कात्री निघाली, अंगठा कडीत गेला.

आणि हात थांबला.

बाकी कोणाला कळलं नसेल. एका कडीच्या आतल्या बाजूला काकूंच्या अंगठ्याने घासून घासून खळगा पडलेला होता. इतकी वर्षं एकच अंगठा. माझ्या कडीत तो खळगा नव्हता. एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

काकूंनी कात्री हवेत एकदा उघडून मिटली. सर्र. स्वच्छ आवाज.

मग आरशातून माझ्याकडे बघितलं.

"चिमट्या."

"हं."

"माझी कात्री कुठाय?"

"काकू, आज... आज ही वापरा ना."

"माझी कात्री कुठाय?"

"काय चाललंय तुमचं?" ताई म्हणाली.

मी ड्रॉवर उघडला. टॉवेल बाजूला केला. कात्री काढून काकूंच्या हातात दिली तेव्हा माझे कान इतके गरम झाले होते की दुखत होते. काकूंनी ती उजेडाकडे धरली. दोन्ही पाती जिथे जोडलेली असतात त्या स्क्रूपाशी पांढरं काहीतरी अडकलं होतं. टिश्यूचा धागा. वाळलेला. मला दिसलाच नव्हता.

काकूंनी तो नखाने ओढून काढला. बोटावर घेऊन बघितला. त्यांना काही विचारायची गरज पडली नाही.

त्या बेसिनपाशी गेल्या. मला वाटलं, आता आत जातील, पडद्यामागे, आणि बाहेर येणार नाहीत. पण त्या टिश्यू ओला करून परत आल्या. मॅडमच्या पुढ्यात, आरशासमोर, सगळ्यांना दिसेल असं उभं राहून त्यांनी तो डाव्या हातात लोंबता धरला आणि कात्री मिटली.

टिश्यू दुमडला.

त्यांनी जागा बदलली. परत दुमडला. मग पात्याच्या पार मुळाशी नेला, जिथे केस कापताना कात्री कधी पोचतच नाही. तिथे जरासा कापला गेला. बोटाच्या नखाएवढी सरळ चीर.

काकू त्या चिरेकडे बघत राहिल्या. तेवढीच उरली होती.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुमचा टी-शर्ट बरोबर आहे. उशी पण बरोबर आहे. कंगवा, पाणी, सगळं बरोबर आहे. माझ्या कात्रीला धार नाही. मी कापत नव्हते, चावत होते. जितक्या वेळा आलात तितक्या वेळा मीच फाटे फोडून पाठवलं तुम्हाला."

मॅडमना समजायला वेळ लागला. त्यांनी ओल्या टिश्यूकडे बघितलं, कात्रीकडे बघितलं.

"म्हणजे तुम्ही."

"मी."

"आणि तुम्हाला कळलं नाही? इतकी वर्षं हेच काम करताय तुम्ही. कळलं नाही?"

इथे काकू खोटं बोलू शकल्या असत्या. डोळ्यांवर ढकलता आलं असतं. वयावर. मी मनात म्हणत होतो, म्हणा ना काहीतरी.

"आवाज येत होता," काकू म्हणाल्या. "धार गेली की आवाज बदलतो. येत होता. मी ऐकला नाही."

मॅडमनी दोन्ही हातांनी केस पुढे घेतले, मांडीवर. तान्हं मूल घ्यावं तसे. 

"लोक मला केसांवरून ओळखतात," त्या म्हणाल्या. "लायब्ररीत नवीन आलेल्या माणसाला पण सांगतात, त्या लांब केसांच्या बाईंना विचारा. दुसरं काय आहे माझ्यात ओळखण्यासारखं?" मग म्हणाल्या, "किती जातील?"

काकू खाली वाकल्या. मांडीवरची एक बट उचलली, पिळली नाही, नुसती ओठावरून फिरवायला लागल्या. टोकापासून वर. हळूहळू. कंबर गेली. अजून वर. पाठीचा मध्य गेला. ताईने तोंड दुसरीकडे फिरवलं. पाठीच्या फऱ्यांपाशी येऊन काकूंचा ओठ थांबला.

"इथपर्यंत."

"एवढे?"

"याच्या खाली ठेवले तर उद्या याच्या वर चढेल."

मॅडमनी डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांनी काकूंकडे बघितलं नाही. माझ्याकडे बोट केलं.

"याला कापू द्या."

काकूंनी मान हलवली. माझी कात्री माझ्या हातात ठेवली. स्वतःची पाकिटात घातली, पाकीट मिटलं, आणि कंगवा घेऊन मॅडमच्या दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

माझ्या हातून पहिली बट कापली जाईना.  इतके केस मी कोणाचे एकदम कधी कापलेले नव्हते.

"हात हलतोय," काकू हळूच म्हणाल्या. "श्वास सोड. सोडलास? आता काप."

सर्र.

बट पडली. काकूंनी राहिलेलं टोक उचलून ओठावरून फिरवलं. "बोटभर अजून." मी कापलं. "बास. हे जिवंत आहे." पुढची बट. त्या भाग पाडून द्यायच्या, मी कापायचो, त्या ओठाला लावायच्या. अजून. बास. अजून जरासं. बास. आमचं बोलणं एवढंच. खाली फरशीवर केसांचा ढीग वाढत होता आणि नवीन पोरीची झाडू आणायची हिंमत होत नव्हती.

झालं तेव्हा मी आरसा मागे धरला. मॅडमनी मागचं बघितलं. मग हात मानेमागे नेला आणि बोटं केसांतून खाली ओढली. बोटं कुठेच अडकली नाहीत. त्यांनी परत ओढली. केस खांद्यांच्या जरा खाली जाऊन थांबत होते आणि खिडकीतला उजेड त्यांच्यावरून घसरत होता.

त्या रडल्या नाहीत. उठल्या. रुमाल बांधायला घेतला, मग पर्समधे टाकला. दारापाशी जाऊन थांबल्या. आमच्याकडे पाठ होती.

"पुढच्या वेळी धार लावून ठेवा," त्या म्हणाल्या.

माझ्याशी बोलत नव्हत्या.

त्या गेल्यावर मी काकूंना म्हणालो, "काकू, मी सांगायला पाहिजे होतं. मला वाटलं..."

"फाटे फोडू नकोस आता. झाडू आण."

केस त्यांनी स्वतः भरले. ताई मधे म्हणाली, "काकू, ते टॉवेलचं..." काकू वाकलेल्याच म्हणाल्या, "उद्या सकाळी मी उशिरा येईन. मग सांग काय सांगायचं ते."

सकाळी त्यांनी मला बाजाराच्या कोपऱ्यावर बोलावलं. पाकीट हातात होतं. "चल," म्हणाल्या. "तू असलास की मी भांडणार नाही त्याच्याशी."

टक्कलवाल्याने दुकान नुकतंच उघडलं होतं. काकूंना बघून तो स्टुलावरून उठला. त्याने कात्री घेतली, उघडली, पात्याच्या कडेवरून नख फिरवलं आणि वर बघितलं.

"ही दादांची."

"माझी. धार त्यांची होती."

"ते कळतंच हो. त्यांचा कोन वेगळा. जास्त निमुळता घासायचे. मी सांगायचो, टिकणार नाही. ते म्हणायचे, टिकायला नाही, कापायला लावतोय." तो ओशाळल्यासारखा हसला. "मुळाशी आहे अजून जरा त्यांची. मी घासली की ती पण जाईल, वहिनी. त्यांच्यासारखा कोन धरून बघू का? तसाच येईल असं नाही सांगत."

काकूंनी त्याच्या दगडाकडे बघितलं. स्वच्छ होता. बाजूला नवीन पाणी भरलेलं होतं.

"नक्कल करू नको," त्या म्हणाल्या. "तुझ्या हाताला येईल तशी लाव."

त्याने पाती दगडाला टेकवली. आवाज झाला. दगडावरून करडं पाणी ओघळून खालच्या पत्र्याच्या डब्यात पडायला लागलं. मी कात्रीकडे बघत होतो. काकू डब्याकडे. दुकानात एक बाई सुरी घेऊन आली आणि "किती वेळ लागेल हो?" म्हणाली, तर काकूंनी तिला हाताने थांब अशी खूण केली. नजर हलवली नाही.

त्याने कात्री पुसली, ओल्या टिश्यूवर चालवून दाखवली. चीर सरळ गेली. काकूंनी कात्री कानाजवळ नेऊन उघडली, मिटली. परत उघडली, मिटली.

"वेगळा येतो," त्या म्हणाल्या.

"हो," टक्कलवाला म्हणाला.

"चालेल."

सलूनमधे पोचलो तर ताई काउंटरला. समोर बाकावर एक बाई बसलेली, लांब केसांची, काकूंचीच. मागच्या महिन्यात तक्रार करून गेलेली. ताईने आम्हाला बघितलं, मग काकूंच्या हातातलं पाकीट बघितलं.

"काकू, यांना कोणाकडे बसवू?" तिने विचारलं.

"थांबतील त्या जरा," काकू म्हणाल्या. "आधी एक डोकं आहे."

त्या आपल्या खुर्चीपाशी गेल्या. मागे उभ्या राहिल्या नाहीत. खुर्चीत बसल्या. आणि डोक्यावरचा अंबाडा सोडला.

इतकी वर्षं शेजारी काम करतोय, मी काकूंचे मोकळे केस कधी बघितले नव्हते. कायम अंबाडा, कायम पिना. केस पाठीवर उतरले आणि मला कळलं. टोकांचा नुसता कुंचा झाला होता. राठ, पांढुरके, एकात एक अडकलेले. सगळ्यात वाईट केस या सलूनमधे त्यांचेच होते. घरी बसून स्वतःची टोकं त्या त्याच कात्रीने घेत होत्या.

बाकावरची बाई उठून उभी राहिली. बघत राहिली.

ताई काउंटरमागून आली. कपाटातून काळा केप काढला, झटकला, आणि स्वतः काकूंच्या गळ्याभोवती बांधला. मागे गाठ मारताना तिने त्यांच्या मानेवरचे केस अलगद वर उचलून धरले.

काकूंनी पाकीट उघडलं आणि कात्री माझ्यापुढे केली. कड्या माझ्याकडे, पाती त्यांच्या मुठीत.

"घे."

मी घेतली. अंगठा कडीत घातला. तो खळगा माझ्या अंगठ्याला मोठा होत होता.

"आधी माझ्यावर बघू," त्या म्हणाल्या. "मग लोकांना लावू."

मी एक बट घेतली. पिळली. काटे उभे राहिले. आरशात बघितलं तर काकूंनी डोळे मिटून मान जराशी तिरकी केली होती, फोनवर लेकीचं ऐकताना करतात तशी.

श्वास सोडला आणि कापलं.

काळ्या केपवर पांढरं टोक पडलं. काकू ऐकत होत्या.